शंभर रुपयांची गोळी आणि पुराव्याचा काटा

सन २०२४ च्या फेब्रुवारीअखेर मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयातून एक वार्ता निघाली आणि दोन दिवसांत ती देशाच्या कानाकोपऱ्यांत पोचली. कर्करोगाचे उपचार पुरे झाल्यावर तो पुन्हा उलटू नये म्हणून एक गोळी तयार झाली आहे, तिची किंमत अवघी १०० रुपये राहील, आणि अन्नसुरक्षा प्राधिकरणाची अनुमती मिळताच जून-जुलैच्या सुमारास ती लोकांस उपलब्ध होईल, अशी ती वार्ता होती. कोणा वैदूने किंवा जाहिरातदाराने उठविलेली ही आवई नव्हती. ज्यांच्या नावाला देशात आणि देशाबाहेरही मान आहे, ते ज्येष्ठ शस्त्रवैद्य डॉ. राजेंद्र बडवे यांनी दूरचित्रवाणीवरून ती सांगितली होती आणि तिच्यामागे त्याच संस्थेतील डॉ. इंद्रनील मित्रा व त्यांचे सहकारी यांचे सुमारे एका दशकाचे परिश्रम उभे होते. म्हणूनच या गोळीचा विषय थट्टेवारी नेता येणार नाही, आणि नुसत्या टाळ्या वाजवूनही भागणार नाही. आशेचा भाव कितीही चढो, माल काट्यावर घातल्यावाचून सौदा करू नये, हे आडत बाजार असलेल्या गावाला आम्ही शिकवावे असे नाही.

कर्करोग हा शब्द आता सोलापुरात परका राहिलेला नाही. विडी वळून संसार चालविणाऱ्या स्त्रियांचे हे शहर. तंबाखूची चिमूट, मिश्री आणि गुटखा यांनी येथील कितीतरी घरांत बस्तान ठोकलेले. तोंडाच्या आणि गर्भाशयमुखाच्या कर्करोगाने ग्रासलेला रोगी आणि त्याच्यासोबत मुंबईची गाडी धरणारा त्याचा भाऊ किंवा मुलगा हे दृश्य आमच्या रेल्वे स्थानकावर नवे नाही. ज्या घरात औषधासाठी आधी सोने आणि मग शेताचा तुकडा जातो, त्या घराला १०० रुपयांच्या गोळीची बातमी किती गोड लागली असेल, हे सांगावयास नको. बुडत्याला काडीचा आधार म्हणतात. परंतु ती काडी आहे की दोर, हे काठावर उभे असलेल्यांनी तरी स्वच्छ सांगितले पाहिजे.

प्रथम ही गोळी आहे काय ते पाहू. तिच्यात दोनच द्रव्ये आहेत. एक रेस्व्हेराट्रॉल, जे द्राक्षाच्या सालीत सापडते. दुसरे तांबे, तेही अत्यल्प प्रमाणात. डॉ. मित्रा यांचा सिद्धांत असा की, शस्त्रक्रिया, किरणोपचार किंवा रासायनिक उपचारांनी कर्करोगाच्या पेशी मरतात तेव्हा त्यांच्या केंद्रातील गुणसूत्रांचे बारीक तुकडे रक्तात मोकळे होतात. हे क्रोमॅटिनचे कण निरोगी पेशींत शिरतात, तेथील आनुवंशिक द्रव्याला इजा करतात आणि त्यातून रोग पुन्हा उद्भवू शकतो. रेस्व्हेराट्रॉल आणि तांबे एकत्र आले की पोटात ऑक्सिजनचे अतिशय क्रियाशील रेणू निर्माण होतात. ते रक्तात मिसळून या उपद्रवी कणांचा नाश करतात, असे ही मंडळी म्हणतात. कल्पना चतुर आहे आणि ती निर्भयपणे मांडली गेली आहे. शत्रू मेल्यानंतर त्याच्या अवशेषांचाही बंदोबस्त करावा, हा विचार कोणाही सुज्ञास पटण्याजोगा आहे. तथापि पटणे निराळे आणि सिद्ध होणे निराळे. वैद्यकाच्या इतिहासात पटणाऱ्या कल्पनांची स्मशाने काही लहान नाहीत.

त्या घोषणेत दोन आकडे होते. गोळीमुळे उपचारांचे दुष्परिणाम ५० टक्क्यांनी घटतात, आणि रोग दुसऱ्यांदा होण्यास सुमारे ३० टक्के प्रतिबंध होतो. लोकांनी हे आकडे उचलले. परंतु त्याच मुलाखतीत आणखी एक वाक्य होते, ते फारसे कोणी उचलले नाही. दुष्परिणामांविषयीचे प्रयोग उंदरांवर व माणसांवर झाले आहेत, पण रोग उलटण्यास प्रतिबंध होतो हे केवळ उंदरांवरच पाहिले गेले असून माणसांवरील चाचण्या पुऱ्या व्हावयास सुमारे ५ वर्षे लागतील, असे डॉ. बडवे यांनीच सांगितले होते. म्हणजे ज्या गुणासाठी गोळीचा गाजावाजा झाला, तो गुण मनुष्यदेहात पाहिला गेला आहे असे घोषणा करणाराही म्हणत नव्हता. बाजारात तुरी आणि भट भटणीला मारी, यातला प्रकार झाला. दोष सांगणाऱ्याचा किती आणि ऐकणाऱ्याचा किती, याची वाटणी करीत बसण्यात अर्थ नाही. पुरावा कसा वाचावा, हे मात्र शिकण्यासारखे आहे.

आमच्या मते कोणत्याही नव्या औषधास चार साधे प्रश्न विचारावेत. ते कोणावर वापरून पाहिले? कोणाच्या तुलनेत? काय मोजले? आणि किती जणांत, किती काळ?

पहिला प्रश्न उंदराचा आणि माणसाचा. उंदरातील यश हा आरंभ आहे, निष्पत्ती नव्हे. कर्करोगावरील जी औषधे प्रयोगशाळेची परीक्षा उत्तीर्ण होऊन माणसांवरील चाचणीच्या पहिल्या पायरीवर येतात, त्यांतील १०० पैकी साधारण ५-६ च अखेर मान्यतेपर्यंत पोचतात. उरलेलीही कधीकाळी कोणाची तरी आशाच होती.

दुसरा प्रश्न तुलनेचा, आणि येथे थोडे अंकगणित करावे लागेल. समजा, एका डॉक्टराने स्तनाच्या कर्करोगाची शस्त्रक्रिया झालेल्या १०० स्त्रियांना एखादी गोळी दिली आणि ५ वर्षांनी त्यांतील ८६ जणी हयात आढळल्या. तो आनंदाने म्हणेल, पाहा माझ्या गोळीचा प्रताप! पण लवकर निदान झालेल्या स्त्रियांच्या एका मोठ्या भारतीय चाचणीत, ज्यांना नेहमीच्या उपचारांपलीकडे काहीच दिले नव्हते, अशाही १०० पैकी सुमारे ८६ जणी ५ वर्षांनंतर हयात होत्या. मग त्या गोळीने काय केले? काहीच नाही. दुसरा गट शेजारी नसेल, तर निसर्गाचे आणि जुन्या उपचाराचे श्रेय नवे औषध बिनबोभाट पदरात पाडून घेते. त्यातही गट चिठ्ठ्या टाकून पाडावे लागतात. नाहीतर धडधाकट रोगी एकीकडे आणि जर्जर रोगी दुसरीकडे जाऊन बसतात व काटा आपोआप झुकतो.

तिसरा प्रश्न मोजमापाचा. '३० टक्के' हा आकडा ऐकावयास मोठा. पण ३० टक्के कशाचे? ज्या रोगात १०० पैकी १० जणांचा रोग उलटतो, तेथे ३० टक्क्यांनी घट म्हणजे ३ माणसे वाचली. जेथे ६० जणांचा उलटतो तेथे १८ वाचली. मूळ आकडा सांगितल्यावाचून टक्केवारी सांगणे म्हणजे माप न दाखविता भाव सांगणे होय.

या कसोट्यांवर या गोळीचा माणसांवरील पुरावा कोठे उभा राहतो? सन २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात मल्टिपल मायलोमा या रक्ताच्या कर्करोगासाठी तीव्र रासायनिक उपचार घेणाऱ्या सुमारे २५ रुग्णांचा विचार होता. ज्यांना ही द्रव्ये अल्प मात्रेत दिली, त्यांच्यात तोंड येण्याचा त्रास सौम्य दिसला. ही गोष्ट उपेक्षणीय नाही. ज्याने त्या उपचारात दोन-दोन आठवडे पाणी गिळतानाही कळा सोसल्या आहेत, त्याला तिचे मोल कळेल. परंतु गट लहान होता आणि तुलनेसाठीचे रुग्ण तर अगदीच मोजके. पुढे २०२५ मध्ये मेंदूतील ग्लायोब्लास्टोमा या अतिशय घातक गाठीसंबंधीचा अभ्यास प्रसिद्ध झाला. शस्त्रक्रियेपूर्वी १० रुग्णांना सरासरी १२ दिवसांच्या आसपास गोळ्या देण्यात आल्या, दुसऱ्या १० रुग्णांना त्या दिल्या नाहीत. काढलेल्या गाठी तपासल्या तेव्हा गोळी घेतलेल्यांच्या गाठींत वाढीच्या व आक्रमकतेच्या खुणा कमी आढळल्या. हेही उत्साहवर्धक आहे. पण मोजल्या गेल्या त्या खुणा. आयुष्याचे दिवस मोजले गेले नाहीत. रोगी आणि त्याची बायकामुले यांना प्रश्न पडतो तो सूक्ष्मदर्शकाखालील रंगाचा नसतो. त्यांना विचारावयाचे असते, माणूस किती दिवस आणि कसा जगेल? त्याचे उत्तर २० रुग्ण आणि १२ दिवस यांतून निघत नाही.

कोणी म्हणेल, तुम्ही मागता तसला पुरावा श्रीमंत देशांनाच परवडतो. हा समज आम्हांस मुळीच मान्य नाही, कारण तसा पुरावा ज्या संस्थेतून ही गोळी निघाली त्याच संस्थेने दिलेला आहे. वर ज्या भारतीय चाचणीचा उल्लेख केला ती डॉ. बडवे यांच्याच नेतृत्वाखाली झाली. स्तनाची गाठ काढण्यापूर्वी काही मिनिटे तिच्याभोवती लिडोकेन, म्हणजे जागा बधिर करण्याचे जुने आणि स्वस्त औषध, टोचावयाचे. ११ केंद्रांतील सुमारे १६०० स्त्रियांचे चिठ्ठ्या टाकून दोन गट केले आणि वर्षानुवर्षे त्यांची विचारपूस ठेवली. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेला निष्कर्ष असा की, ५ वर्षांनी हयात असणाऱ्यांचे प्रमाण ८६.४ टक्क्यांवरून ९०.१ टक्क्यांवर गेले. शंभरात जवळजवळ चौघी अधिक! इतर देशांतही हा पडताळा यावा असे तज्ज्ञ म्हणतात, ते रास्तच आहे. पण पाया भक्कम आहे. दुसरे उदाहरण डोक्याच्या व मानेच्या पुढच्या अवस्थेतील कर्करोगाचे. निव्होलुमॅब हे प्रतिकारशक्ती जागविणारे औषध इतके महाग की आपल्याकडील बहुसंख्य रोग्यांनी त्याचे नावच ऐकावे. टाटा रुग्णालयातील डॉक्टरांनी नेहमीच्या मात्रेच्या एक दशांशाहूनही कमी, म्हणजे ३ आठवड्यांतून २० मिलिग्रॅम, एवढीच मात्रा स्वस्त गोळ्यांच्या जोडीला देऊन पाहिली. रुग्ण होते १५१. वर्षाअखेर हयात असणाऱ्यांचे प्रमाण १६.३ टक्क्यांवरून ४३.४ टक्क्यांवर गेले. गरिबाचे औषध आणि पक्का पुरावा यांचे वैर नाही, याला आणखी दाखला कशाला हवा?

आणि दाखला हवाच असेल तर तो आमच्या जिल्ह्यात आहे. बार्शीचे नर्गिस दत्त स्मारक कर्करोग रुग्णालय आणि तेथे १९८७ पासून चाललेली ग्रामीण कर्करोग नोंदणी यांची महती पुष्कळ सोलापूरकरांना पुरती ठाऊक नसावी. या रुग्णालयाच्या आणि टाटा स्मारकाच्या सहकार्याने शेजारच्या त्या वेळच्या उस्मानाबाद, आताच्या धाराशिव जिल्ह्यात गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या पूर्वतपासणीची एक चाचणी झाली. तीत ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ निरोगी स्त्रिया होत्या आणि गावांचे ५२ समूह चिठ्ठ्या टाकून चार गटांत विभागले होते. ८ वर्षांच्या पाठपुराव्यानंतर २००९ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाला. एचपीव्ही या विषाणूची तपासणी एकदाच झालेल्या गटात या कर्करोगाने ३४ मृत्यू झाले. नेहमीच्या व्यवस्थेवर सोडलेल्या गटात ६४. पाश्चात्त्य देशांत वर्षानुवर्षे रूढ असलेल्या पेशीतपासणीचा मात्र त्या चाचणीत तसा निश्चित लाभ दिसला नाही. जगभरच्या आरोग्यधोरणांत ज्याचा आधार घेतला गेला, तो हा पुरावा मराठवाड्यातल्या खेड्यांतील शेतकरी बायांनी दिला आहे.

तो फुकट मिळालेला नाही, हेही सांगितले पाहिजे. तुलनेसाठी ठेवलेल्या गटातील स्त्रियांना ती तपासणी मिळाली नाही आणि त्यावरून पुढे गंभीर नैतिक आक्षेप घेतले गेले. ते आक्षेप आम्ही हलके मानीत नाही. परंतु त्यातून एक ऋण आपल्यावर राहते. त्या ६४ जणींमुळे जे ज्ञान जगाला लाभले, त्याची कसोटीच ढिली करून, कोणी मोठा माणूस म्हणाला एवढ्यावर आपण औषध स्वीकारू लागलो, तर तो त्यांच्या मरणाचा अवमान होय.

'पण ही तर खाद्यपूरक गोळी, घेतली तर बिघडले काय?' असा प्रश्न पुष्कळ जण करतात. फिनलंडमध्ये असाच विचार करून ५० ते ६९ वयाच्या २९,१३३ धूम्रपान करणाऱ्या पुरुषांवर बीटा-कॅरोटीनची परीक्षा घेण्यात आली. गाजराला रंग देणारे हे निरुपद्रवी द्रव्य फुप्फुसाच्या कर्करोगापासून संरक्षण देईल अशी बळकट अपेक्षा होती. १९९४ मध्ये निकाल लागला तेव्हा ते घेणाऱ्यांत फुप्फुसाचा कर्करोग १८ टक्क्यांनी अधिक आढळला. चाचणी झाली नसती, तर हे नुकसान कोणाच्या ध्यानातही आले नसते. या गोळीचे तसेच होईल असे आम्ही म्हणत नाही. खाद्य म्हटले म्हणजे निर्धोक, हे समीकरण मात्र खोटे आहे. त्याचप्रमाणे आमच्या जिल्ह्यातील द्राक्षे खाऊन त्यावर तांब्याच्या भांड्यातील पाणी प्यायल्याने हे औषध घडते, अशीही कोणी समजूत करून घेऊ नये. दारातली सदाफुली सर्वांच्या परिचयाची. तिच्यातून निघालेले व्हिन्क्रिस्टीन हे १९६० च्या दशकापासून बालकांच्या रक्ताच्या कर्करोगावरील एक मुख्य औषध आहे. पण ते शुद्ध करून, काटेकोर मात्रेत शिरेतून द्यावे लागते. पाने चघळून कोणाचे मूल बरे झालेले नाही. वस्तू साधी असणे हा तिचा दोष नव्हे, तसाच तो तिचा पुरावाही नव्हे.

येथेच सरकारी व्यवस्थेतील एक फट दिसते. औषध म्हणून यावयाचे तर केंद्रीय औषध नियंत्रकांपुढे चाचण्यांचे दप्तर उघडावे लागते. खाद्यपूरक म्हणून यावयाचे तर अन्नसुरक्षा प्राधिकरणाची वाट पुष्कळ सोपी आहे. परंतु खाद्यपूरकाच्या वेष्टनावर 'औषधी उपयोगासाठी नाही' असे छापावे लागते, आणि कर्करोग बरा करण्याचा किंवा टाळण्याचा दावा करून औषधाची जाहिरात करण्यास १९५४ च्या कायद्याने मनाई केलेली आहे. मग वेष्टनावर जे छापता येत नाही, ते लोकांच्या मनावर छापले जावे हे कितपत योग्य? एखादे द्रव्य कर्करोग रोखते असे म्हणावयाचे असेल, तर त्याने औषधाच्याच दरवाजाने यावे. पी हळद आणि हो गोरी, हा न्याय येथे उपयोगी नाही.

आमचे म्हणणे एवढ्यावर संपत नाही, कारण नुसता संशय घेऊन गप्प बसणे हेही एक प्रकारचे आळशीपण आहे. द्राक्षाच्या आणि तांब्याच्या या संयोगावर कोणाही धनाढ्य कंपनीला मोठा नफा दिसणार नाही. म्हणूनच त्याची परीक्षा सार्वजनिक पैशातून झाली पाहिजे. शेकडो रुग्ण, चिठ्ठ्यांनी पाडलेले गट, रोग उलटण्याची आणि आयुष्याची मोजणी, राष्ट्रीय नोंदवहीत आगाऊ नोंद, आणि निकाल अनुकूल लागो की प्रतिकूल, त्याची जाहीर प्रसिद्धी, असे या चाचणीचे स्वरूप असावे. डॉ. मित्रा यांची कल्पना खरी ठरली तर ती गरिबांवर मोठा उपकार ठरेल. ती खोटी ठरली तर तेही ज्ञानच आहे. अधांतरी राहिली, तर मात्र ती केवळ अफवा म्हणून उरेल.

तोवर रोग्यांस आमचे कळकळीचे सांगणे आहे. या गोळीच्या किंवा अन्य कोणत्याही गोळीच्या भरवशावर चालू उपचार सोडू नका, शस्त्रक्रियेची तारीख पुढे ढकलू नका, किरणोपचाराचे दिवस चुकवू नका, ठरलेल्या फेरतपासणीस जाण्याचा कंटाळा करू नका. एखादी चाचणी चालू असेल तर तीत भाग घेता येईल काय, हे आपल्या डॉक्टरांस विचारा. तेथे गोळीही देखरेखीखाली मिळते आणि आपला अनुभव पुढच्या रोग्याच्या कामी येतो. पथ्य वर्तमानपत्रांनाही आहे. उंदरावरची बातमी छापताना मथळ्यातच 'उंदीर' हा शब्द छापण्याइतके धैर्य आम्हां सर्वांच्या ठायी असावे.

आणि जे आजच सिद्ध आहे ते आजच करावे. तंबाखू आणि मिश्री सोडण्यास कोणाच्या अनुमतीची वाट पाहावी लागत नाही. तोंडातील न भरणारी जखम, स्तनातील गाठ, अवेळी होणारा रक्तस्राव घेऊन वेळीच डॉक्टरांकडे जाण्याने जेवढे प्राण वाचतात, तेवढे वाचविल्याचा पुरावा अद्याप कोणत्याही नव्या गोळीने दिलेला नाही. तो या गोळीने द्यावा, अशी आमची इच्छा आहे. पण काटा स्थिर होईपर्यंत त्यावर कोणी बोट ठेवू नये; ते बोट आशेचे असले तरीही.